संत्र्याची साल, वाळ्याची मुळं आणि रामटेकची सहल

हिवाळ्यात नागपूरहून रामटेकला निघालेल्या गाडीत मनसर यायच्या आत संत्रं सोललं जातंच. मागच्या सीटवरची पोरं फोडी खातात, साली पिशवीत जातात आणि पिशवी पुढच्या थांब्यावर कचऱ्यात. मुलांना स्वतःच्या हातानं अत्तर करायला शिकवायचं असेल, तर सगळ्यात चांगला कच्चा माल नेमका त्या पिशवीत असतो.

संत्र्याची साल उजेडात धरली की तिच्यावर बारीक बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. साल उलटी दुमडून चिमटली की त्या फुटतात आणि तेलाचा फवारा उडतो. उन्हाच्या तिरिपेत तो डोळ्यांना दिसतोसुद्धा. या तेलात लिमोनिन नावाचं द्रव्य मोठ्या प्रमाणात असतं आणि ते रबर विरघळवतं. म्हणून फुगवलेल्या फुग्यावर सालीचा हा फवारा मारला की फुगा फटकन फुटतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ‘सालीत तेल असतं’ असं नुसतं सांगून पटत नाही. फुगा फुटला की पटतं, आणि मग ते मूल उरलेली प्रत्येक साल मागून घेतं. तेल डोळ्यांत गेलं तर चांगलंच चुरचुरतं, तेवढं मात्र आधी बजावायला हवं. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या नागपुरी संत्र्याचा आणखी एक गुण इथं कामी येतो: त्याची साल सैल असते, त्यामुळे चार वर्षांच्या बोटांनाही ती सोलता येते.

सहलीत अत्तर बनवणं हा परदेशात चांगला रुळलेला कार्यक्रम आहे. दक्षिण फ्रान्समधलं ग्रास हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. गालिमार ही १७४७ सालची आणि मोलिनार ही १८४९ सालची, अशा तिथल्या जुन्या पेढ्या पर्यटकांना टेबलाशी बसवून स्वतःची बाटली तयार करू देतात. ग्रास परिसरातली फुलशेती आणि अत्तर जुळवण्याची विद्या यांना २०१८ मध्ये युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. तिथं येणाऱ्यांपुढे तयार अर्कांच्या बाटल्या मांडलेल्या असतात. थेंब मोजायचे, मिसळायचे, नाव द्यायचं. ते मजेचं आहेच. पण लहान मुलांसाठी त्यातला पहिला आणि सगळ्यात मोलाचा भाग राहून जातो. वास कशातून निघतो, हे त्यांना दिसत नाही. बाजारात मिळणाऱ्या ‘परफ्यूम किट’च्या खोक्यांत तर स्ट्रॉबेरीचा वास असतो आणि स्ट्रॉबेरीचा पत्ता नसतो. रामटेकच्या वाटेवर मूल सालीपासून सुरुवात करतं. हा फरक लहान नाही.

कृती सोपी आहे. सालीचा वरचा केशरी भाग घ्यायचा, आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडून टाकायचा. तुकडे कागदावर सावलीत पसरून सुकवायचे, कारण ओल राहिली तर बुरशी धरते. मग काचेच्या छोट्या बरणीत ते भरून बुडतील इतकं तेल ओतायचं. हिवाळ्यात इथं एक अडचण येते. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांखाली गोठतं आणि नागपूरकडची थंडीतली सकाळ त्याहून कितीतरी गार असते. त्यामुळे थंडीत बदामाचं किंवा स्वतःचा वास कमी असलेलं दुसरं पातळ तेल बरं. घाण्याच्या तिळाच्या तेलाचा खमंगपणा संत्र्याला झाकून टाकतो. बरणी गरम पाण्याच्या भांड्यात अर्धा तास ठेवायची. हे काम मोठ्यांचं. मग दोन दिवस झाकून, पातळ फडक्यातून गाळून छोट्या कुपीत भरायचं. एका दिवसाच्या सहलीत हे सगळं होत नाही आणि व्हायलाही नको. साली रामटेकला जमवाव्यात, गाळणं घरी करावं.

तयार झालेलं तेल दुकानातल्या अत्तरासारखं घमघमणार नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. त्याचा वास हलका असतो आणि लवकर उडून जातो. मुलं याचं कारण विचारतातच, आणि उत्तर ऐकण्यासारखं आहे: लिमोनिनचे रेणू लहान आणि हलके असतात, ते हवेत चटकन निसटतात. ज्या द्रव्यांचे रेणू मोठे आणि जड, त्यांचा वास उशिरा सुटतो पण रेंगाळतो. म्हणून अत्तर जुळवणारे आधी तळाचा वास ठरवतात आणि मग त्यावर हलके वास चढवतात.

तळाच्या वासासाठी विदर्भात लांब जावं लागत नाही. वाळा आहेच. उन्हाळ्यात माठात टाकायची जुडी, कूलरला आणि खिडक्यांना लावायच्या खसच्या ताट्या, वाळ्याचं सरबत यांमुळे नागपूरकडच्या मुलांच्या नाकाला तो ओळखीचा असतो. सुक्या मुळ्या कात्रीनं बोटभर कापायच्या, किंचित ठेचायच्या आणि वर सांगितल्याप्रमाणेच तेलात मुरवायच्या. वाळ्याला सालीपेक्षा जास्त दिवस द्यावे लागतात. मुळ्या कोरड्या असताना, भिजल्यावर आणि तेलात मुरल्यावर असा तीन वेळा वास घेतला की एकाच वस्तूचे तीन वास मुलांना कळतात. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब संत्र्याचा आणि शेजारच्या बोळ्यावर एक थेंब वाळ्याचा टाकून दुसऱ्या दिवशी दोन्ही हुंगून पाहिले, तर हलका आणि जड वास म्हणजे काय हे पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

मोगऱ्याची गोष्ट वेगळी. मोगरा तापवला की बिघडतो. शिजल्यासारखा वास येतो. पण तोडल्यावरही कितीतरी तास ही फुलं सुगंध सोडत राहतात आणि चरबीसारखा पदार्थ तो शोषून घेतो. ग्रासमध्ये याच तत्त्वावर जाईच्या कुळातल्या फुलांचा सुगंध काचेवर थापलेल्या चरबीत उतरवत असत. आपल्याकडे तिळाचे आणि फुलांचे थर एकावर एक रचत, फुलं कोमेजली की बदलत, आणि शेवटी ते वासाळलेले तीळ घाण्यात घालून सुगंधी तेल काढत. सहलीत याची छोटी आवृत्ती जमते. बशीला बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावायचा. संध्याकाळी गजरेवालीकडून घेतलेल्या टपोऱ्या कळ्या त्यावर पालथ्या ठेवायच्या, वरून दुसरी बशी. सकाळी फुलं काढून टाकायची, रात्री नवी ठेवायची. तीन-चार रात्रींनंतर जेलीला मोगऱ्याचा वास लागलेला असतो. रामटेक-पेंचची दोन मुक्कामांची सहल असेल तर पहिल्या दोन रात्री मुक्कामाच्या खोलीत आणि बाकीच्या घरी. रोज सकाळी बशी उघडून वास कालच्यापेक्षा वाढला का हे बघायला मुलं उठवल्याशिवाय उठतात.

एवढं जमलं की मिसळण्याचा खेळ सुरू होतो, आणि इथं सहाव्या शतकातला एक ज्योतिषी मदतीला येतो. उज्जैनच्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ‘गंधयुक्ती’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. सोळा सुगंधी द्रव्यांतून कोणतीही चार निवडायची तर निवड किती प्रकारे होते, याचं उत्तर त्यानं तिथं दिलं आहे: १,८२०. गणिताच्या इतिहासात या आकड्याला मान आहे. मुलांना तो मोठा पडेल. त्यांच्यापुढे संत्रं, वाळा, मोगरा, गवती चहा आणि वेलची अशा पाच गोष्टी मांडाव्यात आणि दोन-दोनच्या जोड्या लावायला सांगाव्यात. बरोबर दहा जोड्या होतात. जाड कागदाच्या दहा पट्ट्या कापायच्या (जुन्या लग्नपत्रिकांचा कागद उत्तम), प्रत्येकीवर जोडीचं चित्र काढायचं आणि थेंब टाकत जायचं. मोगऱ्याची जेली असेल तर ती पट्टीला बोटानं चोळायची. लिहिता न येणाऱ्या मुलालाही हे करता येतं.

या शास्त्राचा मराठीशीही जुना संबंध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी गेल्या शतकात भारतीय सुगंधविद्येच्या इतिहासावर अनेक लेख लिहिले. ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ या दुर्मिळ ग्रंथांचं हस्तलिखित त्यांनी उजेडात आणलं, आणि त्यातल्या ‘गंधवादा’वरची टीका चक्क मराठीत आहे. कित्येक शतकांपूर्वी कोणीतरी सुगंधाच्या कृती मराठी वाचकाला उलगडून सांगत होतं. हळदीकुंकवाला मनगटावर अत्तर लावून घेण्यासाठी हात पुढे करणाऱ्या मुलीला हे कळलं तर तिला आवडेल.

दहा पट्ट्या हुंगताना चार-पाचांनंतर नाक थकतं. ते सगळ्यांचंच थकतं; एकाच वासाची नाकाला काही मिनिटांत सवय होते. दुकानांत कॉफीच्या बिया हुंगायला देतात, पण साध्या हवेपेक्षा त्यांचा जास्त उपयोग होतो असं प्रयोगांत दिसलेलं नाही. मुलांनी आपल्याच सदऱ्याच्या बाहीत नाक खुपसून दोन श्वास घ्यावेत, किंवा उठून रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या काठावर एक धाव मारून यावं.

आणि कोणती जोडी चांगली हे मुलांनीच ठरवावं. मोठ्यांचा हात नेमका इथं आवरत नाही. एखादा मुलगा वेलची आणि गवती चहा सोडून दुसरं काही निवडत नाही, म्हणतो याला चहाचा वास येतो. ती त्याची निवड. मोगरा जास्त ‘छान’ आहे हे त्याला पटवून देण्यात त्या दुपारचं नुकसान आहे.

हा खेळ कुठल्याही गावी खेळता येईल. रामटेकला तो जास्त शोभतो याला कारण कालिदास आहे. ‘मेघदूता’तला यक्ष ज्या रामगिरीवर राहिला तो हाच डोंगर, असं मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडलं. रामगिरीसाठी दुसऱ्या जागाही सुचवल्या गेल्या आहेत, पण वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या ऋद्धपूर ताम्रपटात रामगिरीच्या स्वामीचा उल्लेख आहे आणि रामटेकच्या डोंगरावर वाकाटककालीन देवळं आजही उभी आहेत. गडावर कालिदासाचं स्मारक आहे, गावात १९९७ साली स्थापन झालेलं कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे, आणि आषाढाचा पहिला दिवस इथं कालिदासाचा म्हणून पाळला जातो. त्या काव्यात मेघ पुढे सरकतो तेव्हा वणव्यानं होरपळलेल्या रानातल्या जमिनीचा वास अधिक तीव्र झालेला असतो आणि तो हुंगत जाणारे प्राणी त्याची वाट दाखवतात. उन्हात भाजून निघालेल्या मातीवर पाणी पडलं की तिचा वास वाढतो, हे कवीनं इतकं नेमकं टिपलं आहे.

शास्त्रज्ञ तिथं बऱ्याच उशिरा पोहोचले. १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी ‘नेचर’मध्ये या वासाचा उलगडा मांडला आणि त्याला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं. कोरड्या दिवसांत वनस्पतींतून सुटणारी तेलं माती आणि खडक शोषून ठेवतात. ओल आली की ती बाहेर पडतात. त्यात मातीतल्या सूक्ष्म जीवांनी तयार केलेलं जिओस्मिन मिसळतं. जिओस्मिनच्या बाबतीत माणसाचं नाक कमालीचं तिखट आहे: एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके काही भाग असले तरी ते ओळखतं. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं दाखवलं की पावसाचा थेंब सच्छिद्र जमिनीवर आदळला की त्याच्या तळाशी हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि वास घेऊन तुषार उडवतात. सोडावॉटरच्या पेल्यावर नाक धरलं की जसं चुणचुणतं, तसंच काहीसं.

बेअर आणि थॉमस यांनी आपल्या लेखात एक गोष्ट मोकळेपणानं नोंदवली होती: उत्तर प्रदेशातले कारागीर हा वास चंदनाच्या तेलात कधीपासूनच पकडत होते. हे कारागीर कनौजचे. भाजलेली माती तांब्याच्या मोठ्या देगेत पाण्याबरोबर घालतात, झाकण मातीनं लिंपून बंद करतात, खाली लाकडाचा किंवा गोवऱ्यांचा जाळ. वाफ बांबूच्या नळीतून पाण्याच्या हौदात ठेवलेल्या ‘भपका’ नावाच्या भांड्यात उतरते. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं; वाफ थंड होते, पाणी खाली राहतं आणि वास तेलात जिरतो. पाणी काढून टाकायचं आणि पुन्हा देग चढवायची. जाळ किती हवा हे कारागीर भपक्याला हात लावून ठरवतो.

मुलांना हे घरी करता येत नाही. पण रामटेकला त्यांच्यासाठी एक प्रयोग आहे, आणि तो उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर सगळ्यात चांगला होतो. तीन ठिकाणची कोरडी ढेकळं घ्यायची: अंबाळा तलावाकडची, पायथ्याच्या वाटेवरची, आणि विचारून एखाद्या शेताच्या बांधावरची. तीन वाट्यांत ठेवून प्रत्येकीवर चमचाभर पाणी शिंपडायचं. तिन्ही वास सारखे नसतात. मग अत्तराच्या दुकानातून ‘मिट्टी’ म्हणून मिळणारी छोटी कुपी सोबत आणली असेल तर ती उघडायची आणि कुठल्या वाटीशी जुळते ते मुलांना विचारायचं. हात धुवायला विसरू नये.

सातपुड्याच्या उतारांवर रोशा गवत वाढतं. पावसाळ्यानंतर त्याचं पातं चुरगळलं की बोटांना गुलाबाचा वास येतो. त्यात जिरॅनिऑल असतं आणि गुलाबातही तेच असतं. एकोणिसाव्या शतकात खानदेशातल्या रानांत ओढ्याकाठी भट्ट्या लावून या गवताचं तेल काढत. ते मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांकडे आणि पुढे तुर्कस्तानकडे जाई, तिथं गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. युरोपातल्या अनेक रुमालांना लागलेला गुलाब काही अंशी आपल्या डोंगरांतला होता. ओळख पटवणारं माणूस सोबत असेल तरच हे गवत हाताळावं, आणि पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून तर पातंही उचलू नये. तिथं ते बेकायदा आहे. मोहाचंही तसंच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडलेली फुलं मुलांना खुणावतात, पण ती वेचण्यावर आसपासच्या गावांतल्या घरांची कमाई असते. वाकून वास घ्यावा आणि पुढे जावं.

काही गोष्टी या खेळात येऊच देऊ नयेत. देवळाजवळच्या दुकानांत कापूर सहज मिळतो आणि मुलांना तो खडीसाखरेसारखा दिसतो. थोडासा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. तो पिशवीतच नको. निलगिरीचं तेलही लहानग्यांपासून लांब. देवाला वाहण्याच्या फुलांत कण्हेर असते, ती मुळापासून फुलापर्यंत विषारी. मारुतीच्या माळेतल्या रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा दुखावतो. लिंबाची ताजी साल हाताला चोळून उन्हात गेलं तर कातडीवर फोड आणि काळे डाग येऊ शकतात, म्हणून लिंबू वगळावं. सॅनिटायझर किंवा स्पिरिट वापरून ‘खरा’ स्प्रे करण्याचा मोहही टाळावा. ते पेटतं आणि चुकून प्यायलं जातं. केलेलं अत्तर अंगापेक्षा रुमालावर किंवा लोकरी धाग्यावर लावावं. घरात कोणाला दमा असेल तर हा खेळ मोकळ्या हवेतच. गडावर मात्र काढू नये, तिथली माकडं संत्र्याची पिशवी हातातून ओढून नेतात. तलावाकाठची एखादी सावली बघावी.

परतीच्या गाडीत खेळायला जपानची एक जुनी रीत उसनी घेता येते. तिथं गेंजी-को नावाचा धुपाचा खेळ आहे. पाच धूप एकामागून एक हुंगायचे आणि त्यांतले कोणते सारखे, कोणते वेगळे हे ओळखायचं. पाचांच्या ५२ रचना होतात आणि प्रत्येकीला ‘गेंजीची कथा’ या कादंबरीतल्या एका प्रकरणाचं नाव आहे. मुलांसाठी तीन कुप्या पुरतात. तिन्ही सारख्या, तिन्ही वेगळ्या, किंवा कोणत्या तरी दोन सारख्या: एकूण पाच शक्यता. डोळे मिटून हुंगायचं आणि बोटांनी उत्तर दाखवायचं. आजी-आजोबा सोबत असतील तर नातवंडं त्यांना हरवण्याची शक्यता बरीच, कारण साठीनंतर नाकाची धार कमी होत जाते. पण हा वास कशाचा हे सांगायचं असेल तर पारडं फिरतं. लहान मुलांना वास लागतो, नाव सुचत नाही. दरवळ, उग्र, कुबट, आंबूस, मातकट, करपट हे शब्द आजीकडे असतात. म्हणून या खेळात जोड्या लावायच्याच, तर एका बाजूला आई-बाबा आणि दुसऱ्या बाजूला आजी आणि नात, अशा लावाव्यात.